कपाटात दुसरी संहिताच नव्हती : व्हेरिटी लँबर्ट, डालेक आणि १९६३ची पानगळ

१९६३च्या पानगळीत लंडनला, बीबीसीच्या क्रमिक मालिका विभागाचे प्रमुख डॉनल्ड विल्सन यांनी एका तरुण निर्मातीला आणि तिच्या कथा-संपादकाला बोलावून घेतलं. टेरी नेशन या लेखकाची सात भागांची संहिता त्यांनी वाचली होती आणि ती त्यांना अजिबात आवडली नव्हती. हे करू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निर्मातीचं उत्तर साधं होतं : याच्या जागी उभं करता येईल असं दुसरं काहीच तयार नाही. विल्सन यांचे हात दगडाखाली होते. संहिता चित्रीकरणाला गेली. तिच्यातल्या यंत्रवजा प्राण्यांचं नाव डालेक, मालिका ‘डॉक्टर हू’ आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट.

ब्रिटिश टेलिव्हिजनच्या इतिहासात हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो आणि बहुधा एकाच सुरात : सत्तावीस वर्षांची मुलगी, समोर वयस्कर पुरुष अधिकारी, तिची दूरदृष्टी, त्यांचा आंधळेपणा. मला ही कथा अर्धीच खरी वाटते. दूरदृष्टी होती, पण निर्णय तिच्या जोरावर झाला नाही. तो वेळापत्रकाच्या जोरावर झाला, आणि वेळापत्रक हातात असणं म्हणजे काय हे लँबर्ट यांना वरिष्ठांपेक्षा जास्त कळत होतं. विज्ञानकथेच्या वाट्याला त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामातली मोजकीच वर्षं आली, तरी त्यांच्या कारकिर्दीची मेख याच प्रकरणात सापडते.

आधी त्यांच्या कामाबद्दल थोडं. आपल्याकडे सिनेमाचा निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बीबीसीतला निर्माता पगारी नोकर होता. पैसे संस्थेचे, स्टुडिओ संस्थेचा, तंत्रज्ञ संस्थेचे. त्याच्या हातात उरायच्या तीन गोष्टी : कोणती संहिता, कोणती माणसं, आणि कोणत्या शुक्रवारी काय रेकॉर्ड करायचं. शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही.

तिथवर कशा पोचल्या

लँबर्ट यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९३५चा, लंडनचा. शिक्षण रोडीन या मुलींच्या नामांकित शाळेत, पुढे वर्षभर पॅरिसमध्ये. टेलिव्हिजनमध्ये शिरकाव झाला तो सेक्रेटरी म्हणून, आणि तो काळ काही फार उज्ज्वल नव्हता. ग्रॅनडा कंपनीतली पहिली नोकरी सहा महिन्यांत गेली. मग एबीसी या खासगी कंपनीत टंकलेखनापासून सुरुवात करून त्या निर्मिती-साहाय्यक झाल्या. तिथे नाट्यविभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, टोरांटोहून आलेले, बोलायला सडेतोड, आणि ‘आर्मचेअर थिएटर’ ही थेट प्रक्षेपित नाटकांची मालिका गाजवणारे.

३० नोव्हेंबर १९५८ला या मालिकेत ‘अंडरग्राउंड’ हे नाटक थेट चालू असताना गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मध्ये मरण पावला. दिग्दर्शक टेड कोचेफ खाली सेटवर धावले. उरलेल्या नटांना त्याच्याशिवाय नाटक कसं पुढे न्यायचं हे त्यांना समजवायचं होतं. वर कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांना सूचना देण्याचं काम लँबर्ट यांनी हातात घेतलं. नाटक शेवटपर्यंत गेलं. त्या रात्री त्यांना जे कळलं असेल ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत : प्रेक्षक बसलेला असतो, घड्याळ थांबत नाही, आणि हाताशी जे आहे त्यातूनच पुढचं दृश्य उभं करावं लागतं.

१९६१मध्ये त्यांनी वर्षभर न्यूयॉर्कला डेव्हिड ससकाइंड या निर्मात्याकडे काम केलं. परतल्या तर एबीसीत पुन्हा तीच साहाय्यकाची खुर्ची. दिग्दर्शन करायची इच्छा होती, पण ते दार उघडेना. वर्षभरात वर सरकता आलं नाही तर हे क्षेत्रच सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. डिसेंबर १९६२मध्ये न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आधी दोन पुरुषांना विचारून झालं होतं, दोघांनीही नकार दिला होता. मुलांच्या मालिकेत आपली कारकीर्द अडकवायला कोणी सहसा तयार नसे. जून १९६३मध्ये लँबर्ट बीबीसीत रुजू झाल्या तेव्हा तिथल्या नाट्यविभागात त्या सर्वांत तरुण निर्मात्या होत्या आणि एकमेव स्त्री निर्मात्याही.

शनिवारी दुपारी खेळांचा ‘ग्रँडस्टँड’ हा कार्यक्रम संपला की ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत प्रेक्षक पांगायचा. ती फट भरायची होती. म्हणून काळातून प्रवास करणाऱ्या यानात एक म्हातारा प्रवासी, म्हणजेच डॉक्टर, त्याची नात, आणि दोन शिक्षक : एक विज्ञानाचा, एक इतिहासाची. भूतकाळात गेले की इतिहास, भविष्यात गेले की विज्ञान, असं शाळकरी गणित. न्यूमन यांनी एक अट मात्र ठासून सांगितली होती : बटबटीत डोळ्यांचे राक्षस चालणार नाहीत. स्वस्त अमेरिकी विज्ञानकथांमधली ती झूल त्यांना नको होती.

तेरा भागांचं गणित

पहिल्या भागाचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांच्याकडे आलं. लखनौला जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव, केंब्रिजचे पदवीधर, वय अवघं चोवीस. तरुण बाई आणि त्याहून तरुण हिंदुस्थानी दिग्दर्शक या जोडीला मिळाला लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ डी : जुना, अडचणीचा, उन्हाळ्यात तापणारा, अवजड कॅमेऱ्यांचा. मिळेल ते गोड मानून घ्यायचं, अशी परिस्थिती. भागाचं अंदाजपत्रक होतं २,३०० पौंड.

२७ सप्टेंबरला पहिला भाग रेकॉर्ड झाला आणि फसला. यानाचे दरवाजे धड बंद होईनात, विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर नको तितका तुसडा झाला, नात अतिच विचित्र वाटली. न्यूमन यांनी लँबर्ट आणि हुसेन यांना एका चिनी रेस्टॉरंटमध्ये नेलं आणि सांगितलं की खरं तर तुम्हा दोघांना काढून टाकायला हवं, पण पुन्हा करा. १८ ऑक्टोबरला तोच भाग पुन्हा रेकॉर्ड झाला. एक अख्खा भाग बाद करून दुसऱ्यांदा करायची परवानगी ही लहान गोष्ट नाही. ती लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्याच महिन्यात पैशांचं संकट आलं. यानाचा आतला भाग बांधायला खर्च बेसुमार झाला होता. कार्यक्रमप्रमुख डॉनल्ड बॅव्हरस्टॉक यांनी मालिका चार भागांवरच आवरण्याची भाषा सुरू केली. मिनतवाऱ्या झाल्या आणि परवानगी मिळाली तेरा भागांची. पुढचं पुढे बघू.

आता हे तेरा कसे भरायचे? अश्मयुगातली पहिली कथा चार भागांची. नेशन यांची सात भागांची. चार आणि सात, अकरा. उरलेल्या दोन भागांसाठी कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी स्वतःच बसून एक कथा लिहिली, जी पूर्णपणे यानाच्या आत घडते : चार ठरलेली पात्रं, आधीच पैसे भरून झालेला सेट, नवीन कोणी नाही, नवीन काही नाही. कथेतल्या घुसमटीबद्दल समीक्षकांनी पुढे बरंच लिहिलं. घुसमटीचा उगम हिशेबाच्या वहीत होता.

या पार्श्वभूमीवर विल्सन यांच्या खोलीतला प्रसंग पुन्हा बघू. मुळात दुसरी कथा म्हणून अँथनी कोबर्न यांची, यंत्रमानवांवरची एक संहिता ठरली होती. ती जमून येईना. नेशन हे विनोदी लेखक, टोनी हँकॉक या विनोदी नटासाठी लिहिणारे. मुलांच्या मालिकेचं काम त्यांनी आधी नाकारलंच होतं. हँकॉकशी बिनसलं, काम गेलं, तेव्हा त्यांनी होकार कळवला आणि भराभर लिहून दिलं. संहिता वेळेत हाती आली, म्हणून तिचा नंबर वर सरकला. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

विल्सन यांच्यापुढे पर्याय काय होते? सात भागांवर फुली मारली तर तेरांतले सहाच उरतात. २१ डिसेंबरपासून शनिवारची जागा मोकळी. बॅव्हरस्टॉक टपूनच बसलेले. माझा अंदाज असा की विल्सन यांना संहिता आवडण्या-न आवडण्यापेक्षा हे जास्त दिसलं असणार. मालिकेच्या जन्मात त्यांचाही मोठा हात होता. आपल्याच हाताने ती मारायची त्यांची इच्छा नव्हती. लँबर्ट यांनी ‘ही कथा उत्तम आहे’ असा वाद घातला असता तर त्या हरल्या असत्या, कारण आवडीनिवडीच्या वादात वरिष्ठच जिंकतो. त्यांनी वाद आवडीचा ठेवलाच नाही. प्रश्न वेळेचा केला, आणि वेळेबाबतची माहिती त्या खोलीत त्यांच्याइतकी कोणाकडेच नव्हती.

न्यूमन यांच्यापुढे मात्र हे चाललं नसतं. डालेक पाहून ते भडकले. जे नको म्हणून बजावलं नेमकं तेच. त्यांना लँबर्ट यांनी दिलेलं उत्तर वेगळ्या जातीचं होतं. हे राक्षस नाहीत, त्या म्हणाल्या, ही प्रगत माणसंच आहेत, अणुयुद्धानंतर शरीरं इतकी झडलेली की धातूच्या कवचाशिवाय जगता येत नाही. हे कुणाला चलाख शब्दच्छल वाटेल. मला तसं वाटत नाही. न्यूमन यांच्या बंदीमागचा हेतू त्यांनी बरोबर ओळखला होता. न्यूमन यांना विनाकारण भीती घालणारी, डोक्यात काही नसलेली भुतं नको होती. डालेकांना इतिहास होता, युद्ध होतं, परक्यांविषयीचा द्वेष होता. १९६३मध्ये लंडनमध्ये असा द्वेष ओळखायला प्रेक्षकाला फार मागे जावं लागत नव्हतं; महायुद्ध संपून अठराच वर्षं झाली होती.

चार डालेक आणि एक वाया गेलेला शुक्रवार

कवचाचं रूप दिलं रेमंड क्युसिक या बीबीसीतल्या पगारी डिझायनरने. मुळात हे काम रिडली स्कॉटकडे जायचं होतं, तारखा जुळल्या नाहीत. तोच पुढे हॉलिवुडला गेला. पाय दिसायला नकोत, घरंगळत यायला हवं, आत माणूस बसायला हवा. टेबलावरची मिऱ्यांची डबी सरकवून क्युसिकने ती चाल समजावून सांगितली होती. अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट कंपनीने चार कवचं बनवली. चारच. गर्दी दाखवायची झाली की मागे डालेकांचे मोठे फोटो उभे केले जायचे. आवाज पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांचे; ब्रायन हॉजसन यांनी ते यंत्रातून पिळून काढले.

१५ नोव्हेंबरच्या शुक्रवारी डालेक-कथेचा पहिला भाग रेकॉर्ड झाला. नंतर ऐकलं तर कर्मचाऱ्यांच्या हेडफोनमधल्या सूचना ध्वनिपट्टीवर उतरलेल्या. त्या काळी व्हिडिओ टेप कापून जोडणं महाग आणि किचकट असे. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी संध्याकाळी नाटकाच्या प्रयोगासारखं जवळजवळ सलग रेकॉर्डिंग, अशी पद्धत होती. त्यामुळे थोडं दुरुस्त करून भागणार नव्हतं. भाग बाद. ६ डिसेंबरला तो पुन्हा केला आणि पुढचे सगळे भाग एकेक आठवडा मागे गेले. रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण यांच्यातलं अंतर आता जेमतेम पंधरा दिवसांवर आलं.

मधल्या काळात २२ नोव्हेंबरला, डालेकांचा दुसरा भाग रेकॉर्ड होत होता त्याच शुक्रवारी, डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग लागला. त्या शनिवारी कोणाचं चित्त थाऱ्यावर असणार? प्रेक्षक ४४ लाख. बीबीसीने पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला. त्या काळी नव्या मालिकेचा भाग आठवड्याच्या आत पुन्हा दाखवणं सर्रास होत नसे.

२१ डिसेंबरला डालेक-कथा सुरू झाली तेव्हा प्रेक्षक ६९ लाख होते. भागाच्या अखेरीला फक्त डालेकचा पुढे आलेला हात आणि किंकाळी. अख्खा डालेक दिसला २८ तारखेला. फेब्रुवारी १९६४च्या सुरुवातीला सातवा भाग लागला, तेव्हा आकडा १ कोटी ४ लाखांवर गेला होता. विल्सन यांनी लँबर्ट यांना सांगून टाकलं की ही मालिका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, यापुढे मी लुडबुड करणार नाही. हा मोठेपणा कमी साहेबांकडे असतो. मालिका बंद करण्याची भाषाही थांबली.

पैशांचा हिशेब मात्र चमत्कारिक झाला. नेशन स्वतंत्र लेखक होते आणि त्यांच्या एजंट बेरिल व्हर्च्यू यांनी डालेकांच्या हक्कातला वाटा करारात राखून ठेवला होता. खेळणी, दोन चित्रपट, सगळ्यातून नेशन श्रीमंत झाले. ज्याने ते रूप काढलं तो क्युसिक पगारी नोकर. त्याच्या हातावर एकदाच किरकोळ बक्षिसी टेकवली गेली. लँबर्ट यांनाही डालेकांतून पै मिळाली नाही, पण त्यांना मिळाली पुढची कामं. बिचाऱ्या क्युसिकला तेही नाही.

विज्ञानकथा मागे पडली

१९६५मध्ये त्या ‘डॉक्टर हू’मधून बाहेर पडल्या. आणि इथे एक गोष्ट मान्य करायला हवी : विज्ञानकथेत त्यांना असं यश पुन्हा कधी मिळालं नाही. १९६६-६७ची ‘अ‍ॅडम अ‍ॅडमंट लिव्ह्ज!’, १९०२मध्ये गोठवलेला साहसवीर साठच्या दशकातल्या लंडनमध्ये जागा होतो ती, २९ भागांत आटोपली. १९७९मध्ये युस्टन फिल्म्स या निर्मितीसंस्थेच्या प्रमुख असताना त्यांनी लेखक नायजेल नील यांची ‘क्वाटरमास’ ही चौथी विज्ञानकथा-मालिका उभी केली. बीबीसीने ती आधी हाती घेऊन सोडून दिली होती. टाकून दिलेली संहिता उचलणं हे लँबर्ट यांना साजेसंच. जॉन मिल्ससारखा नट घेतला, फिल्मवर भरपूर खर्च केला. पण त्याच वर्षी आयटीव्ही या खासगी वाहिनीवर दीर्घ संप झाला, वाहिनी आठवडेच्या आठवडे बंद राहिली, आणि संप मिटतो न मिटतो तोच २४ ऑक्टोबरला मालिका लागली. गाजावाजा करायला उसंतच मिळाली नाही, आणि प्रतिसाद कोमट राहिला. १९८५चा ‘मोरॉन्स फ्रॉम आउटर स्पेस’ हा चित्रपट तर विसरलेलाच बरा.

बाकीची कारकीर्द मात्र दिमाखदार. थेम्स टेलिव्हिजनमध्ये नाट्यप्रमुख असताना ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’, ‘रंपोल ऑफ द बेली’, युस्टनमध्ये ‘मिंडर’, १९८५नंतर स्वतःच्या सिनेमा व्हेरिटी या कंपनीतून ‘जीबीएच’. यातली बरीच कामं अशी, की आधी कोणीतरी नाक मुरडलं होतं.

मग १९९२ची ‘एल्डोराडो’. स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशांवरची, आठवड्यातून तीनदा लागणारी मालिका. कल्पना ‘ईस्टएंडर्स’ या बीबीसीच्या दैनंदिन जीवनावरच्या मालिकेच्या ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांची, निर्मितीत सिनेमा व्हेरिटी. मालागाजवळच्या कोइनला डोंगराळ भागात खरंखुरं गाव बांधलं. बीबीसीला जुलैची तारीख हवी होती आणि ती हलणार नव्हती.

पुन्हा तेच : तारीख ठरलेली, वेळ कमी, हाती आहे त्यातूनच उभं करायचं. लँबर्ट यांच्या आयुष्यात दोन्हींची सुरुवात सारखी दिसते, पण माझ्या मते फरक एका जागी आहे. १९६३मध्ये घाई असूनही दोन वेळा पूर्ण भाग फेकून देऊन नव्याने करता आला; न्यूमन यांनी स्वतः पहिला भाग परत पाठवला, आवाज बिघडला तेव्हा आणखी एक शुक्रवार दिला गेला. आठवड्याला एकच भाग असल्यामुळे ते शक्य होतं. आठवड्याला तीन भागांच्या कारखान्यात अशी सोय नसते. कोइनच्या भिंतींमध्ये आवाज घुमायचा, काही नट अगदीच नवखे होते, आणि हे सगळं दुरुस्त न होता तसंच घराघरांत पोचलं. वृत्तपत्रांनी पहिल्याच आठवड्यात मालिकेची टर उडवली.

कॉरिन हॉलिंगवर्थ या नव्या निर्मातीने नंतर सूत्रं घेतली, पात्रं कमी केली, कथा घट्ट केली. प्रेक्षक वाढू लागले. पण वाहिनीचे नवे नियंत्रक अ‍ॅलन येंटब यांनी तोवर निर्णय घेऊन टाकला होता, आणि ९ जुलै १९९३ला, १५६ भागांनंतर, मालिका बंद झाली.